पिवळे पान केव्हा कापावे?

वंदनेच्या वेळी फूल अर्पण करताना त्याच्या कोमेजण्याकडे पाहावे आणि अनित्यतेचा विचार करावा, हे आपल्या घरातून लहान मुलांनाही सांगितले जाते. फूल सुकते हे आपण पाहतो, त्यावर बोलतो. पण फूल गेल्यावर झाडाची जी पाने मागे राहतात, त्यांच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. कंदापासून येणाऱ्या फुलझाडांत तर हे ठळकपणे दिसते. निशिगंध, ग्लॅडिओलस, लिली यांचे फूल थोडक्या दिवसांत आटोपते. पाने मात्र पुढे कित्येक आठवडे टिकतात, मग आडवी पडतात, पिवळी होतात आणि शेवटी तपकिरी होऊन वाळतात. या काळात माणसाने काय करावे? कात्री केव्हा उचलावी आणि केव्हा हात आवरावा?

एवढे मोठे प्रश्न समोर असताना पानांवर लेख कशाला, असे एखादा धम्मबांधव विचारील. त्याचे विचारणे रास्त आहे. परंतु नीतीचे प्रश्न मोठ्या सभेतच उभे राहतात असे नाही. ते चुलीपाशी, पाणवठ्यावर, गॅलरीतल्या पत्र्याच्या डब्यापाशीही उभे राहतात. एखादी जिवंत वस्तू आता कामाची राहिली नाही, असे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? आणि ते ठरवावे कोणत्या कसोटीवर? पिवळ्या पानाजवळ हा प्रश्न उभा राहतो. तेथे तो लहान असतो, म्हणून नीट तपासता येतो.

आपल्या वस्तीत फुलझाडांना बाग नसते. तेलाचा रिकामा डबा, फुटका माठ, चाळीच्या कठड्याला तारेने बांधलेली कुंडी, फार तर घराच्या मागे हातभर जमीन. निशिगंध तेथे सहज येतो. त्याला फार लाड लागत नाहीत आणि त्याचे पांढरे फूल बुद्धमूर्तीपुढे ठेवायला चांगले दिसते. फुले येतात तोवर घरादाराचे त्या डब्याकडे लक्ष असते. फुले संपली की डब्याचा मान संपतो. मग एखादा कार्यक्रम येतो, पाहुणे यायचे असतात, घर झाडून-पुसून घ्यायचे असते. सून म्हणते, “आत्याबाई, ही पात काढून टाकते. किती गबाळी दिसतीया.” सासूबाई दाराआडून म्हणतात, “ऱ्हाऊ दे गं, अजून हिरवी हाय.” दोघींपैकी कोणाचे बरोबर? सुनेला घर नीटनेटके हवे आहे, आणि ती अपेक्षा वाईट नव्हे. स्वच्छ राहणीची किंमत आपल्या समाजाला फार मोजून कळलेली आहे. पण सासूबाईंच्या वाक्यात जे ज्ञान आहे तेही दुर्लक्षिण्यासारखे नाही.

ते ज्ञान समजण्यासाठी पान काय करते ते आधी पाहिले पाहिजे. हिरवे पान सूर्याचा प्रकाश, मुळांनी आणलेले पाणी आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड यांपासून साखर तयार करते. झाडाचे सारे पोषण या साखरेवर चालते. जे झाड वर्षभर उभे राहते, ते ही कमाई खोडात, फांद्यांत, मुळांत ठेवते. कंदाच्या झाडाला कायमचे खोड नसते. त्याची सारी ठेव जमिनीखालच्या कंदात जाते. फुलदांडा वर येतो तेव्हा ही ठेव मोठ्या प्रमाणात खर्ची पडते. म्हणजे ज्या दिवशी झाड आपल्याला सर्वांत सुंदर दिसते, त्या सुमारास त्याची कोठी बरीच रिकामी झालेली असते. फूल गेल्यावर पाने ती कोठी पुन्हा भरू लागतात. आपल्याला मात्र नेमके त्याच वेळी वाटते की झाडाचे काम संपले.

पिवळेपणाबद्दलही एक मोठा गैरसमज आहे. पान पिवळे होऊ लागले म्हणजे ते मेले, असे आपण धरून चालतो. वस्तुतः पिवळे होणे ही पानाने चालवलेली आवराआवर असते. पानातले हिरवे द्रव्य मोडले जाते. पानाच्या इतर घटकांतला नत्र सुटा होऊन खाली कंदाकडे जातो. स्फुरद आणि पालाशही बऱ्याच प्रमाणात परत जातात. कॅल्शियम तेवढे पानातच अडकून राहते. ते परत नेण्याची सोय झाडाजवळ नाही. हिरवा रंग गेल्यावर जो पिवळा दिसतो, तो नवा आलेला नसतो. तो पानात पहिल्यापासून होता, हिरव्याखाली झाकलेला होता. म्हणून अर्धे हिरवे, अर्धे पिवळे पान कापणे म्हणजे घर बदलणाऱ्या माणसाची गाडी निम्मे सामान चढण्याआधीच हाकून देण्यासारखे आहे.

आता तीन झाडे घेऊ, कारण सर्व कंद एकसारखे वागत नाहीत.

निशिगंध, ज्याला बाजारात गुलछडी म्हणतात, तो मूळचा मेक्सिकोचा. आपल्याकडे कंद साधारणपणे एप्रिल-मे महिन्यांत लावतात आणि पावसाळ्यात दांडे येऊ लागतात. यातली एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ज्या कंदाने एकदा फुलदांडा दिला, तो कंद पुन्हा फुलत नाही. त्याच्या भोवती लहान लहान कंद तयार होतात, आणि पुढच्या खेपेची फुले त्यांच्यातून येतात. तेव्हा फुलोऱ्यानंतर निशिगंधाची पाने जी साखर करतात, तिच्यावर ही पुढची पिढी पोसली जाते. थंडी पडू लागली की पानांची टोके पिवळी होतात. त्या वेळी सगळा झुबका कापून डबा मोकळा केला, तर लहान कंद लहानच राहतात. पुढच्या वर्षी पात येते, दांडा येत नाही, आणि मग घरातले म्हणतात की कंद वांझ निघाला. दोष कंदाचा नसतो.

ग्लॅडिओलसची रीत आणखी निराळी आहे. त्याचा लावलेला कंद त्या हंगामात आटून जातो आणि त्याच्या डोक्यावर नवा कंद बसतो. काढणीच्या वेळी खाली सुरकुतलेली जुनी चकती आणि वर टपोरा नवा कंद, असे दोन्ही एकमेकांना चिकटलेले सापडतात. हा नवा कंद सगळा पानांच्या कमाईवर बनतो. म्हणून फुलदांडा कापताना झाडावर निदान चार पाने शिल्लक ठेवावीत, असे जाणते शेतकरी सांगतात. त्यानंतर सहा ते आठ आठवडे पाने राहू द्यायची आणि ती पिवळी-तपकिरी झाली म्हणजे कंद उपटायचे. यात पैशाचा प्रश्न येतो. बाजारात लांब दांड्याला भाव जास्त मिळतो. दांडा लांब हवा तर सुरी खाली घालावी लागते, सुरी खाली गेली की पाने दांड्याबरोबर जातात आणि कंद उपाशी राहतो. आजचा भाव आणि पुढच्या वर्षाचे बियाणे, यांत ओढाताण होते. ज्याला रोजचे घर चालवायचे आहे त्याने लांब दांडा कापला, तर त्याला बोल लावायला मी धजणार नाही. त्याने हे जाणून करावे, इतकेच माझे म्हणणे आहे.

तिसरी फुटबॉल लिली, जिला कोणी मे फ्लॉवर म्हणतात. ही आफ्रिकेतून आलेली. उन्हाळ्याच्या अखेरीस कोरड्या मातीतून एकदम लाल तुऱ्याचा गोळा वर येतो. पाने फुलाबरोबर किंवा फुलामागून येतात आणि पावसाळाभर राहतात. हिवाळ्यात तीही पिवळी पडून नाहीशी होतात. म्हणजे हिचे फूल काही दिवसांचे आणि पानांची मेहनत काही महिन्यांची. वर्षभरातल्या त्या काही दिवसांसाठी आपण तिला ओळखतो, तिच्याबरोबर छायाचित्र काढून घेतो. बाकीच्या महिन्यांत ती कोपऱ्यात असते.

ज्यांच्या घरातली माणसे कांद्याच्या शेतावर मजुरीला गेली आहेत, त्यांना यातले पुष्कळ न सांगता ठाऊक आहे. कांदाही कंदच. उन्हाळी कांद्याची काढणी केव्हा करायची, हे कोणी दिनदर्शिका पाहून ठरवीत नाही. पात मानेपाशी मऊ होते आणि माना पडू लागतात. निम्म्या माना पडल्या म्हणजे कांदा काढणीला आला. उपटल्यावरही पात लगेच कापत नाहीत. कांदे पातीसकट शेतातच तीन-चार दिवस ओळीने मांडतात, आणि मांडताना एका ओळीची पात आधीच्या ओळीच्या कांद्यांवर येईल असे पाहतात, म्हणजे उन्हाचा चटका बसत नाही. मग इंचभर मान ठेवून पात कापतात. मान नीट सुकून मिटली नाही तर तेथून कुजका रोग आत शिरतो आणि चाळीतला कांदा सडतो. ही सारी मांडामांड आपल्या आयाबहिणींनी उन्हात वाकून केलेली आहे. कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेत हेच आज छापलेले असते. ज्या हातांना हे आधीपासून येत होते, त्यांना कोणी तज्ज्ञ म्हटले नाही, ही गोष्ट वेगळी.

परदेशातले एक उदाहरण येथे देण्यासारखे आहे. हॉलंड देश ट्यूलिपसाठी प्रसिद्ध आहे. एप्रिल महिन्यात तेथे शेतेच्या शेते लाल-पिवळी होतात आणि लोक लांबून पाहायला येतात. पण कंदांसाठी ट्यूलिप पिकवणारा शेतकरी फुले उमलल्यावर थोड्याच दिवसांत त्यांची डोकी यंत्राने उडवतो. पाहणाऱ्याला हळहळ वाटते. शेतकऱ्याचा हिशेब असा, की फूल राहिले तर झाड बी धरण्यात शक्ती घालवील. ती कंदात जायला हवी. पानांना मात्र तो हात लावीत नाही. ती पिवळी पडेपर्यंत उभी ठेवतो आणि जून-जुलैमध्ये कंद काढतो. आपण फूल राखतो आणि पान कापतो. तो फूल कापतो आणि पान राखतो. ज्याची नजर पुढच्या वर्षावर आहे त्याच्या कात्रीचे तोंड वेगळीकडे वळलेले असते.

इंग्लंडमध्ये डॅफोडिल नावाचे पिवळ्या फुलांचे कंद घरोघर असतात. फुले गेल्यावर त्यांची लांब पाने लोळू लागतात. नीटनेटकेपणाची हौस असलेल्या माळ्यांत एक चाल होती. पाने कापायची नाहीत, पण ती दुमडून त्यांची गाठ मारायची, किंवा रबराने जुडी बांधून ठेवायची. दिसायला अंगण आवरलेले आणि वर पान न कापल्याचे समाधान! परंतु गाठ मारलेल्या पानाला प्रकाश मिळत नाही. आतली पाने बाहेरच्यांच्या सावलीत जातात. पान जिवंत असून उपाशी राहते, आणि कंदही. आता तेथील जाणते माळी सांगतात की गाठी मारू नका, फुले गेल्यावर किमान सहा आठवडे पाने मोकळी राहू द्या. त्यातही पुढच्या वर्षाच्या फुलाचा अंकुर कंदाच्या पोटात मे-जूनच्या सुमारास घडू लागतो, म्हणजे वरची पाने उतरणीला लागलेली असतात त्याच दिवसांत. मला ही गाठ कात्रीपेक्षा वाईट वाटते. कात्री चालवणारा निदान आपण काय करतो आहोत ते उघड करतो. गाठ मारणारा आपल्या मनाची समजूत घालून ठेवतो की मी काही तोडले नाही.

येथवर शेतीचे आणि बागेचे झाले. आता काही उपासकांच्या मनात येणाऱ्या शंकेकडे वळू. पान कापणे ही हिंसा आहे काय? आणि असेल, तर पिवळे काय नि हिरवे काय, कापूच नये, हे खरे नाही काय?

विनयपिटकात भिक्खूंसाठी वनस्पती तोडण्याविरुद्ध नियम आहे. तेथे रोपे कशापासून उगवतात याचे पाच प्रकारही मोजले आहेत: मुळापासून, खोडापासून, पेरापासून, शेंड्यापासून आणि बीपासून. मुळापासून उगवणाऱ्यांत हळद आणि आले यांची नावे प्रथम येतात. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी कंदाची ही जात वेगळी ओळखली होती, याचे कौतुक वाटते. वर्षावासाच्या नियमामागेही असेच कारण सांगितले आहे. भिक्खू पावसाळ्यात फिरताना हिरवे गवत तुडवतात, अशी लोकांची तक्रार होती. त्या काळी झाडांतही एका इंद्रियाचा जीव आहे, असे पुष्कळ लोक मानीत. मात्र हे नियम भिक्खूंचे आहेत. उपासकाने घेतलेल्या पंचशीलातील पहिले शील प्राण्यांच्या हत्येपासून दूर राहण्याचे आहे, आणि परंपरेने त्यात वनस्पती धरलेली नाही. तसे असते तर शेतकऱ्याला धम्म घेताच आला नसता. तेव्हा पान कापले म्हणून शील मोडले, अशी भीती कोणी बाळगू नये.

पण शील मोडले नाही म्हणजे प्रश्न संपला असेही नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत: मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा. अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. नियम माणसाला बांधतो. तत्त्व माणसाला विचार करायला मोकळे ठेवते. ही वेगळीक प्राण्यांसंबंधी केलेली आहे, हे मला माहीत आहे. तरी तिचा उजेड आपल्या डब्यावर पाडून पाहण्यास हरकत नसावी. पान कापण्याची गरज आहे की हौस आहे? पाहुण्यांना गबाळे दिसेल, शेजारीण काय म्हणेल, हात रिकामा आहे आणि कात्री समोर आहे, ही सारी हौसेची कारणे. झाडाला त्यातून काहीच मिळत नाही.

गरज केव्हा असते? पहिली, पानाचे काम खरोखर संपल्यावर. हे ओळखण्यासाठी डोळ्यापेक्षा बोटांवर विश्वास ठेवावा. पान पूर्ण गवती रंगाचे झाले, कागदासारखे वाजू लागले आणि बुडाशी हलकेच ओढल्यावर हातात आले, तर ते कामातून मोकळे झाले असे समजावे. ओढल्यावर अडले तर सोडून द्यावे आणि आठ दिवसांनी पुन्हा पाहावे. बुडाशी हिरवे असलेले पान टोकाला कितीही वाळलेले दिसले तरी ते अजून देते आहे. टोकाचा वाळका भाग फारच डोळ्यांत खुपत असेल तर तेवढाच कापावा. त्याने नुकसान नाही. सुकलेला फुलदांडा मात्र कापायला हरकत नाही, म्हणजे झाड बी धरण्यात शक्ती घालवीत नाही. ज्या झाडाचा दांडा अजून हिरवा आहे त्याची फक्त वरची वाळलेली फुले खुडावीत, कारण हिरवा दांडाही पानासारखे थोडे काम करतोच.

दुसरी गरज रोगाची. येथे अहिंसेचे नाव घेऊन हात आखडणे म्हणजे बाकीच्या झाडांवर अन्याय होय. स्वाभाविक पिवळेपण आणि रोगाचे पिवळेपण यांत फरक असतो. स्वाभाविक पिवळेपण फुलोऱ्यानंतर येते, बाहेरच्या जुन्या पानांपासून सुरू होते आणि टोकाकडून खाली उतरते. फुले यायच्या आधीच पान पिवळे पडले, आतले कोवळे पान आधी गेले, पानावर ठिपके किंवा चट्टे उठले, पट्ट्यापट्ट्यांनी रंग उडाला, तर संशय घ्यावा. ग्लॅडिओलसला मातीतल्या बुरशीने मर लागते. त्यात पाने अवेळी पिवळी होतात आणि कंद आतून तपकिरी पडतो. असे झाड कंदासकट काढून दूर नेऊन जाळावे आणि त्या मातीत पुन्हा तेच झाड लावू नये. ठिपके पडलेली पाने वेळीच काढावीत. कात्री दुसऱ्या झाडाला लावण्याआधी धुऊन घ्यावी. हे करताना दया आडवी येऊ देऊ नये.

आणि ज्यांना मुळीच कापायचे नसते, त्यांच्याविषयीही दोन शब्द. वाळलेल्या पानांचा चिखल डब्यात कुजत ठेवणे ही दया नव्हे. तो नुसता आळस आहे, क्वचित भाबडेपणा. ओल्या पाल्याखाली गोगलगायी आणि बुरशी घर करतात आणि मग नवा कोंब वर येण्याआधीच खाल्ला जातो. काम संपलेले निरोगी पान काढून त्याच मातीत मिसळावे. जे कॅल्शियम त्याला परत पाठवता आले नव्हते, ते अशा रीतीने मातीत जाते.

पाण्याचेही सांगून टाकतो, कारण पुष्कळ ठिकाणी पानांपेक्षा पाण्यानेच घात होतो. फुले संपली म्हणून पाणी एकदम तोडू नये. हिरवे पान आहे तोवर त्याला पाणी लागते. पिवळेपणा वाढेल तसे पाणी कमी करत जावे आणि पाने वाळली की बंद करावे. झोपलेल्या कंदाला रोज पाणी घातले तर तो सडतो. या दिवसांत युरिया टाकण्याचाही मोह नको.

आता पानावरून माणसाकडे यायचे तर जपून यावे लागते. ही उपमा आपल्या परंपरेत आहेच. धम्मपदाच्या अठराव्या म्हणजे मलवग्गाच्या आरंभीच म्हाताऱ्या माणसाला पिवळ्या पानाची उपमा दिली आहे. तेथील हेतू माणसाला जागे करण्याचा आहे, वेळ थोडा उरला आहे हे सांगण्याचा आहे. त्यावर वाद नाही. पण आपण घराघरांतून या उपमेचा काय वापर करतो ते पाहावे. गिरणीत पस्तीस वर्षे राबलेला म्हातारा दाराशी खाटेवर बसलेला असतो. त्याला कमी ऐकू येते, तो तीच गोष्ट पुन्हा सांगतो, आणि पाहुणे आले की त्याची खाट मागच्या बाजूला नेली जाते. कोणी त्याला घालवून दिलेले नसते. त्याची गाठ मारून ठेवलेली असते, डॅफोडिलच्या पानासारखी.

यावर एक सोपे उत्तर तयार असते, आणि तेच मला धोक्याचे वाटते. म्हातारी माणसे पिवळ्या पानासारखी अजून देत असतात, अनुभव देतात, नातवंडे सांभाळतात, म्हणून त्यांना जपा, असे आपण भाषणातून म्हणतो. म्हणणे खरे आहे, पण कारण कच्चे आहे. पान राखायचे ते त्याचे काम चालू आहे म्हणून. काम संपले की ते काढायचे, हे आपण आताच ठरवले. हीच कसोटी माणसाला लावली तर जो आजोबा काहीच देत नाही, ज्याची स्मृती गेली आहे, ज्याला अंथरुणातच सारे करावे लागते, त्याचे काय? उपयोगाच्या तराजूत माणूस तोलण्याचा परिणाम काय होतो, हे आपल्याला दुसऱ्याने सांगायला नको. पिढ्यान्पिढ्या गावाने आपल्याला असेच तोलले. मेलेले जनावर ओढण्यापुरते, निरोप पोहोचवण्यापुरते, लाकूड फोडण्यापुरते आपण गावाचे होतो. ते काम झाले की वेशीबाहेर.

महावग्गात एका आजारी भिक्खूची हकिगत आहे. तो पोटाच्या विकाराने आजारी होता आणि स्वतःच्याच घाणीत पडून होता. भगवान बुद्ध आनंदाबरोबर निवासस्थाने पाहत फिरताना तेथे आले. त्यांनी इतर भिक्खूंना विचारले, तुम्ही याची शुश्रूषा का करीत नाही? उत्तर मिळाले की हा भिक्खू आमच्या काहीच उपयोगी पडत नाही. हे उत्तर विहारातून आले होते, एखाद्या सावकाराच्या पेढीवरून नव्हे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. तथागतांनी त्या भिक्खूंशी उपयोगाचा वाद घातला नाही. तो पुढे कामाला येईल, त्याचा अनुभव मोठा आहे, असे काही ते म्हणाले नाहीत. त्याआधीच त्यांनी आणि आनंदाने त्या आजाऱ्याला आपल्या हातांनी धुऊन, उचलून मंचकावर ठेवले होते. भिक्खूंना त्यांनी एवढेच सुचवले, की येथे तुमचे आईबाप नाहीत. तुम्ही एकमेकांचे केले नाही तर कोण करणार?

तेव्हा पानाचा न्याय पानापुरता. पानाला उपयोगाची कसोटी लावावी. ती लावली तर आपण सहसा चुकून लवकर कापणार नाही. माणसाला ती कसोटी लावू नये, चांगल्या हेतूनेही लावू नये. ज्या सासूबाईंनी “अजून हिरवी हाय” म्हटले, त्या स्वतः उद्या अंथरुणाला खिळल्या तर सुनेने त्यांच्यात हिरवे किती उरले ते पाहत बसू नये. दोन्ही गोष्टींना धीर लागतो हे खरे, पण एकीची कारणे दुसरीला चालत नाहीत.

राहिला डब्याचा प्रश्न. पाने वाळून काढल्यावर डबा रिकामा दिसतो, आणि पुष्कळ कंद या वेळीच मरतात, कारण घरातले कोणी तरी त्यात मिरचीचे रोप लावते किंवा माती ओतून डबा दुसरीकडे वापरते. फुटबॉल लिलीचा डबा पावसाचे किंवा नळाचे पाणी पडणार नाही अशा कोपऱ्यात तसाच ठेवावा. निशिगंध दोन-तीन वर्षांनी दाटला की काढून, मोठे आणि लहान कंद वेगळे करून, एप्रिलमध्ये पुन्हा लावावा. ग्लॅडिओलसचे कंद पुसून सुकवून हवेशीर टोपलीत थंड जागी ठेवावेत; त्यांची झोप साधारण दोन-तीन महिन्यांची असते. कुठल्या डब्यात काय आहे आणि ते कोणत्या महिन्यात वर येईल, ते डब्याच्या पत्र्यावर चुन्याने लिहून ठेवावे. घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहून घेतले तर अक्षर चांगले येईल आणि मे महिन्यात पाणी घालायची आठवणही तीच ठेवील.